भाड्याचं सरकारी घर? फॉर्म कुठे मिळतो?

नोकरी ठाण्यात, घर किन्हवलीत. शहरात राहावं तर पगार भाड्यात जातो आणि गावातून ये-जा करावी तर दिवस लोकलमध्ये. परवडणाऱ्या भाड्याची सरकारी खोली खरंच मिळते का? थोडी शोधाशोध, थोडा हिशोब आणि थोडी चिडचिड.

पहिल्या पगाराचे प्लॅन्स आपल्या सगळ्यांकडे तयार असतात. आईला साडी, मित्रांना पार्टी, स्वतःला नवा मोबाईल. दुसऱ्या पगारापासून मात्र शहर आपला हिशोब सांगायला लागतं. डिपॉझिट, ब्रोकरेज, भाडं, मेसचा डबा, लोकलचा पास. पंचवीस तारखेला एटीएमसमोर उभं राहिलं की कळतं, आपण नोकरी करतोय ती खोलीसाठी!

ज्यांचं पॅकेज लाखांत आहे त्यांच्यासाठी फर्निश्ड टू-बीएचके आणि तीन रूममेट्स असा मार्ग असतो. पण लॅब टेक्निशियन, मॉलमधली सेल्सगर्ल, भिवंडीच्या गोदामात बारकोड स्कॅन करणारा बी.कॉम. मुलगा, नर्सिंग होममधली ज्युनिअर सिस्टर, यांचं काय? ही मंडळीही यंग प्रोफेशनल्सच आहेत की! त्यातली कितीतरी रोज आसनगावहून लोकल पकडतात.

किन्हवली टू ठाणे

किन्हवली हे शहापूर तालुक्यातलं गाव. शहापूरहून सरळगाव-मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. आसपासच्या खेड्यापाड्यांची बाजारपेठ, शाळा-कॉलेज, बँक, सगळं इथेच. नोकरी मात्र इथे नाही. त्यासाठी एसटी किंवा शेअर जीपने शहापूर, तिथून आसनगाव स्टेशन आणि पुढे लोकल. आसनगावहून ठाण्याला सव्वा तासाच्या आसपास, सीएसएमटीला जायचं तर दोन तासांच्या आसपास. त्यात जीप भरण्याची वाट बघणं आणि चुकलेली लोकल धरा. दिवसाचे पाच तास कुठे गेले, पत्ताच लागत नाही.

नाक्यावर चहा पिताना तिथल्या नोकरदार मुलामुलींशी गप्पा झाल्या. ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलीने बोटांवर हिशोब मांडला. पगार अठरा हजार. कळव्यात किंवा कल्याण पूर्वेला चाळीतली एक खोली बघितली की सहा-सात हजार भाडं, पंचवीस-तीस हजार डिपॉझिट, वर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. ‘कॉट बेसिस’वर राहिलं तर तीन-साडेतीन हजार, पण मग डबा बाहेरचा आणि कपाटाला कुलूप स्वतःचं. घरी पाठवायला उरणार काय?

सेकंड शिफ्ट लागली की ती रात्री दहानंतर गावात पोहोचते. शेवटची जीप चुकली तर वडील मोटरसायकल घेऊन आसनगावला येतात. ‘हे किती दिवस चालणार? त्यापेक्षा नोकरी सोड, स्थळ आलंय ते बघ,’ असं घरात सुरू झालंय. म्हणजे प्रश्न नुसत्या खोलीचा नाही. खोली मिळाली तर नोकरी टिकणार, नोकरी टिकली तर लग्नाचा निर्णय तिच्या हातात राहणार. तिनेच मला विचारलं, ‘ताई, सरकारची भाड्याची घरं असतात ना? फॉर्म कुठे मिळतो?’

प्रश्न एकदम साधा. मलाही वाटलं, दोन-चार फोन केले की उत्तर मिळेल.

पहिली खिडकी : म्हाडा

सरकारी घर म्हटलं की आपल्या तोंडात एकच नाव येतं. ठाणे जिल्हा म्हाडाच्या कोकण मंडळाकडे येतो आणि या मंडळाच्या सोडतींमध्ये कल्याणजवळचं शिरढोण, खोणी, विरारचं बोळींज अशी ठिकाणं येत राहतात. मुंबई महानगर प्रदेशात ज्यांचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत ते अत्यल्प उत्पन्न गटात, नऊ लाखांपर्यंत अल्प आणि बारा लाखांपर्यंत मध्यम. या मर्यादा २०२२ मध्ये वाढवल्या गेल्या. उत्पन्न मोजताना अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा तिचा पती, एवढंच धरतात. आई-वडिलांचं धरत नाहीत. अठरा हजार गुणिले बारा म्हणजे दोन लाख सोळा हजार. आपली लॅबवाली मैत्रीण आरामात बसते.

२०२३ पासून म्हाडाची सोडतीची सगळी प्रक्रिया नव्या संगणक प्रणालीवर आली. एकदा नोंदणी केली की पुढच्या सोडतींनाही तीच चालते. पूर्वी नंबर लागल्यावर कागदपत्रांची धावपळ व्हायची. आता कागद आधी, सोडत नंतर. हे चांगलंच झालं.

अडचण एकच. ही घरं विकतची आहेत! लॉटरी लागली म्हणजे घर मिळालं असं नाही, घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. पुढे बँक आणि वीस वर्षांचा हप्ता. अठरा हजारांच्या पगारावर, कंत्राटी नोकरीवर, पंचविशीतल्या मुलीला किती कर्ज मिळणार? आणि उद्या पुण्यात किंवा नाशिकला चांगली नोकरी लागली तर? तिला घर नकोय असं नाही, पण आत्ता तिला तीन-चार वर्षांसाठी सुरक्षित, स्वस्त आणि स्टेशनजवळची खोली हवीय.

बरं, शिरढोण-खोणीसारखी पंतप्रधान आवास योजनेतली घरं असतील तर आणखी एक अट लागते. अर्जदाराच्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. कमावत्या सज्ञान मुला-मुलीला या योजनेत वेगळं कुटुंब मानता येतं, पण त्याच्या किंवा तिच्या नावावर घर नसेल तरच. गावाकडे आपण काय करतो? वडील थकले की कौतुकाने घर मुलाच्या नावावर करून टाकतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तुमचं नाव लागलंय का, हे अर्ज भरण्याआधी बघा. म्हाडाच्या इतर घरांसाठी अट थोडी सैल आहे. ज्या शहरात घर मिळणार तिथे तुमच्या नावावर घर नसलं म्हणजे झालं. गावचं घर आड येत नाही.

मग भाड्याची घरं गेली कुठे?

ती होती. चक्क हजारोंच्या संख्येने बांधलीही गेली. ही गोष्ट मला कळली तेव्हा खरी चिडचिड झाली.

२००८ मध्ये एमएमआरडीएने भाडेतत्त्वावरच्या घरांची योजना आणली. झोपडपट्टी वाढते कारण गरीब माणसाला परवडणारी भाड्याची खोलीच नसते, हे सरकारने त्यात सरळ मान्य केलं होतं. खासगी बिल्डरला चार एफएसआय द्यायचा, त्या बदल्यात त्याने जागेच्या एका भागावर १६० चौरस फुटांच्या स्वयंपूर्ण खोल्या बांधून एमएमआरडीएला फुकट द्यायच्या. भाडं ठरलं होतं महिन्याला आठशे ते पंधराशे रुपये. पाच वर्षांत पाच लाख घरं असं टार्गेट होतं. ठाणे, भिवंडी, कल्याण, पनवेल या पट्ट्यात इमारती उभ्याही राहिल्या.

विचार करा. किन्हवलीतून ठाण्याला येणाऱ्या मुलीसाठी यापेक्षा नेमकी योजना कुठली असू शकते?

पण इमारती तयार होईपर्यंत सरकारचं मन बदललं होतं. इतक्या भाडेकरूंची निवड कोण करणार, भाडं कोण गोळा करणार, थकबाकीदाराला बाहेर कोण काढणार, लिफ्ट आणि ड्रेनेज कोण सांभाळणार, या प्रश्नांना कुणाकडे उत्तर नव्हतं. २०१३-१४ च्या सुमारास धोरण भाड्यावरून ‘परवडणाऱ्या घरां’कडे वळलं. तयार घरं वेगवेगळ्या कामांसाठी वाटली गेली. काही गिरणी कामगारांना, काही प्रकल्पग्रस्तांना, काही धोकादायक इमारतींतल्या लोकांच्या तात्पुरत्या निवाऱ्याला. पनवेलजवळच्या कोन इथल्या सुमारे चोवीसशे घरांची सोडत डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी निघाली, तीही मालकी हक्काने. ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या रेंटलच्या इमारतींमध्ये महापालिकेने धोकादायक इमारतींतले रहिवासी हलवले. भिवंडीजवळ रांजणोलीच्या आणि पनवेलजवळ कोनच्या इमारती २०२० मध्ये कोविडची क्वारंटाइन सेंटर्स झाल्या.

गिरणी कामगारांचा हक्क कुणीच नाकारणार नाही. ज्यांची घरं पडायला आली त्यांनाही छप्पर हवंच. पण ज्या भाडेकरूसाठी ही योजना कागदावर आली, तो या सगळ्या वाटपात कुठेच नव्हता. त्याची ना संघटना, ना मोर्चा. रोज सकाळी लोकलला लटकणाऱ्याला मोर्चाला सुट्टी कोण देणार?

१६० चौरस फूट

गंमत म्हणजे हा १६० चौरस फुटांचा आकडा मुंबईला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास कॉमन. सरकार मालक, कामगार भाडेकरू. कोकणातून, घाटावरून आलेल्या किती पिढ्या या खोल्यांवर शहरात स्थिरावल्या!

त्याच चाळींचा आता म्हाडा पुनर्विकास करतेय. भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची घरं मालकी हक्काने आणि मोफत मिळताहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. शंभर वर्षं एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना हे मिळायलाच हवं होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारी भाड्याची खोली मालकीची झाली की ती कायमची भाड्याच्या बाजारातून जाते. आजोबा ज्या दाराने शहरात शिरले, ते दार नातवाच्या वयाच्या नव्या माणसासाठी बंद झालेलं असतं. तेवढ्याच नव्या भाड्याच्या खोल्या दुसरीकडे बांधल्या असत्या, तर हरकत नव्हती.

हे असंच चालायचं, असं म्हणायचं कारण नाही. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात निम्म्याच्या आसपास लोक महापालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतात. तिथे अशी घरं बांधायला सुरुवात झाली ती आपल्या बीडीडी चाळींच्याच काळात, १९२० च्या दशकात. फरक इतकाच की त्यांनी भाड्याची घरं भाड्यानेच द्यायचं सोडलं नाही.

लॉकडाऊनने आठवण करून दिली

२०२० चा उन्हाळा शहापूरकर विसरणार नाहीत. मुंबई-नाशिक हायवेवरून, कसाऱ्याच्या घाटातून, डोक्यावर बोचकी घेऊन माणसांची रांग चालली होती. काम थांबलं, भाडं थकलं, खोली गेली. शहराच्या आधाराने जगणाऱ्यांना शहरात पाय टेकायलाच जागा नव्हती, हे सगळ्या देशाने बघितलं.

त्याच जुलैमध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आणली. त्यात दोन प्रकार होते. सरकारी पैशातून बांधून रिकामी पडलेली घरं दुरुस्त करून भाड्याने द्यायची किंवा कंपन्यांनी, संस्थांनी आपल्या मोकळ्या जागेवर कामगारांसाठी अशी घरं बांधायची. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० मध्येही भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. नोकरदार महिला, औद्योगिक कामगार, स्थलांतरित, विद्यार्थी अशी नावं त्यात आहेत. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. ‘माझे घर, माझा अधिकार’ असं त्याचं घोषवाक्य. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३५ लाख घरांचं लक्ष्य आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, कामगार यांच्या भाड्याच्या घरांचा विचारही त्यात आहे.

वाचायला छान वाटतं. फक्त एक समजून घ्या. म्हाडाच्या सोडतीसारखा या भाड्याच्या घरांचा एकच सामाईक फॉर्म नाही. घरं बांधणारी आणि चालवणारी संस्था वेगळी, म्हणून अर्जही त्या-त्या ठिकाणी. त्यामुळे ‘सरकारी भाड्याच्या घराचा फॉर्म भरून देतो, पाच हजार द्या,’ असं कुणी म्हणालं तर सरळ उठून निघा. म्हाडानेही कुठे एजंट नेमलेले नाहीत, हे ती प्रत्येक सोडतीच्या वेळी ओरडून सांगते.

आज, आत्ता काय मिळू शकतं?

मुलींसाठी सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे केंद्राच्या मदतीने चालणारी नोकरदार महिलांची वसतिगृहं. आता या योजनेला ‘सखी निवास’ म्हणतात. महानगरात पगार महिना ५० हजारांपर्यंत आणि इतरत्र ३५ हजारांपर्यंत असेल तर अर्ज करता येतो. भाडं बाजारभावावर नसतं, ते तुमच्या पगाराच्या टक्केवारीत असतं. एकटीची खोली असेल तर जास्तीत जास्त १५ टक्के, दोघींची असेल तर १० टक्के, डॉर्मिटरी असेल तर साडेसात टक्के. मेसचे पैसे वेगळे.

आता अठरा हजारांचा हिशोब करा. दोघींच्या खोलीत १,८०० रुपये, डॉर्मिटरीत १,३५०. कॉट बेसिसच्या निम्म्यात! साधारण तीन वर्षांपर्यंत राहता येतं. लहान मूल असेल तर तेही आईबरोबर राहू शकतं, मुलगी अठरा वर्षांपर्यंत आणि मुलगा बारा वर्षांपर्यंत. ट्रेनिंग घेणाऱ्या मुलींसाठीही काही जागा असतात. जागा मोजक्या असतात हे खरं, म्हणून नोकरी लागायच्या आधीच चौकशी सुरू करा. पत्ते जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतात. आणि एक बघा. ‘लेडीज हॉस्टेल’ अशी पाटी असलेलं प्रत्येक हॉस्टेल या योजनेतलं नसतं. पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘अनुदानित आहे का?’

शिकणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांतून कॉलेजसाठी शहरात येणाऱ्या आदिवासी मुलामुलींना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर ‘पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम्’ योजनेतून जेवण, राहणं आणि निर्वाह भत्त्याचे पैसे थेट बँक खात्यात येतात. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये अशी योजनेची रचना आहे. चौकशी शहापूरच्याच आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करायची. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना आहे.

आणि नोकरी करणारे मुलगे? त्यांच्यासाठी सखी निवाससारखं काहीच नाही. गोदामात बारा तास उभं राहणारा मुलगा अजूनही चार मित्रांबरोबर एक खोली आणि एक गॅस शेगडी शेअर करतोय. नाशिक हायवेलगत गोदामं वाढली, जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाला. माल ठेवायला जागा झाली, माल उचलणाऱ्याला झोपायला नाही.

बाहेरची खोली घेताय? कागद करा

सरकारी दार उघडेपर्यंत बहुतेकांना बाहेरचीच खोली घ्यावी लागणार. तिथेही कायदा आपल्या बाजूने थोडाफार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आता नोंदणी ऑनलाइन होते. चाळीतली खोली असली तरी मागा. डिपॉझिटचा आकडा त्यात लिहिलेला असला की सोडताना भांडण निम्मं होतं. शिवाय तोच करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून कामाला येतो.

मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. पाणी पाइपलाइनने शहरात जातं आणि माणसं लोकलने. शहराला दोन्ही लागतात. विरार-बोळींजमध्ये म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत पडून राहिली, शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ म्हणून विकायला काढावी लागली. अशा घरांमधला एखादा मजला जरी पगाराच्या दहा टक्के भाड्याने दिला असता, तर रात्री दहाची शेवटची जीप किती जणींना पकडावी लागली नसती! पुढच्या वेळी आमदार-खासदार मतं मागायला नाक्यावर आले की घराची लॉटरी कधी, एवढंच विचारू नका. भाड्याची घरं किती आणि कुठे, हेही विचारा.

फाइल तयार ठेवा!

• आधार आणि पॅन : दोन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी हवी. मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा.

• अधिवास दाखला : म्हाडासाठी १ जानेवारी २०१८ नंतर काढलेला, बारकोडवाला. जुना असेल तर नवा काढा. शहापूर, मुरबाडचे दाखले आपापल्या तहसीलमधून किंवा ‘आपले सरकार’वरून.

• उत्पन्नाचा पुरावा : आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला. पगार करपात्र नसला तरी विवरणपत्र भरून ठेवा, पुढे कर्जालाही उपयोगी.

• वसतिगृहासाठी : नियुक्तीपत्र आणि पगाराची स्लिप. कंत्राटी असाल तर एजन्सीच्या लेटरहेडवर पत्र मागा.

• राखीव गटातून अर्ज असेल तर : जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र.

• पैसे : अनामत रक्कम फक्त अधिकृत वेबसाइटवरून किंवा अॅपवरून. ‘साहेबांशी ओळख आहे’वाल्याला चहासुद्धा पाजू नका!